मान हलवल्याचा आवाज

या, जरा पुढे सरकून बसा. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचेल, पण मन पोचायचं नाही. आज तुम्हाला एका माणसाची हकिकत सांगणार आहे. तिच्यात राजा नाही, राणी नाही, राक्षस तर नाहीच. असता तर बरं झालं असतं, राक्षसावर निदान धडपणे रागावता येतं. एक विमान चालवणारा माणूस आहे, त्याची धाकटी बहीण आहे, बहिणीचा एकुलता एक मुलगा आहे आणि एक लाल दिवा आहे. एवढंच. देवाने दिलेले कान तेवढे उघडे ठेवा, बाकीचं मी बघतो.

तर हा माणूस चौकशीच्या इमारतीतून बाहेर आला, तळघरात लावलेल्या आपल्या गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि समोर एक चिमुकला लाल दिवा लागला. पट्टा बांधला नव्हता, त्याचा. टिंग, टिंग, टिंग. दिव्याबरोबर तो बारीक, चिकट आवाज. आणि हा नुसता बघत राहिला. सगळं आयुष्य दिव्यांसमोर गेलेला माणूस. घरात फ्रिजचा दिवा जरा वेगळा लुकलुकला तरी झोपेतून उठून बघणारा. त्याची सवय अशी की दिवा दिसला की हात उठायच्या आधी तोंड उघडायचं. दिव्याचं नाव घ्यायचं, मोठ्याने, शेजारच्याला ऐकू जाईल असं, आणि मगच कशाला हात लावायचा. आता तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही. शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर त्याची टोपी पडली होती, उताणी. कोणाला सांगणार, कशाचं नाव घेणार? टिंग, टिंग चालूच. शेवटी तळघराच्या पहारेकऱ्याने काचेवर बोट वाजवलं. "साहेब, पट्टा. गाडी केव्हाची ओरडतेय." याने मान हलवली. पहारेकऱ्यानेही मान हलवली आणि तो निघून गेला. झालं, दोघांचं समजलं. आणि नेमकं तेच याच्या काळजात सुरीसारखं गेलं. किती सहज हलवतात माणसं मान, आणि किती सहज ती हो म्हणून धरली जाते.

कंपनीत याला सगळे मास्तर म्हणायचे. उडवण्याबरोबर शिकवायचाही तो. जमिनीवर उभ्या असलेल्या खोट्या कॉकपिटमध्ये नव्या मुलांना बसवायचा, मागून गुपचूप बटण दाबून एकेक संकट पेटवायचा आणि ती कशी गडबडतात ते बघत राहायचा. घंटा वाजली की दहातली नऊ मुलं पहिल्यांदा घंटा बंद करायला धावतात. आवाज सहन होत नाही माणसाला. "अरे, ती तुझ्यावर ओरडत नाहीये," हा म्हणायचा, "ती तुला सांगतेय. सांगणाऱ्याचं तोंड दाबून काय होणार? आधी नाव घे तिचं." मग पुढचं. एकाने विमान धरायचं आणि तसं तोंडाने म्हणायचं. दुसऱ्याने सूचना वाचायच्या. एखादं बटण असं असतं की एकदा दाबलं की परत फिरणं नाही. त्याच्यावर बोट ठेवून विचारायचं, 'हेच?' आणि शेजारच्याने बघून म्हणायचं, 'हेच.' मोठा निर्णय असला तर कॅप्टनने विचारायचं, 'मान्य?' आणि दुसऱ्याने म्हणायचं, मान्य किंवा अमान्य. अमान्य म्हणणाऱ्यावर मास्तर कधी चिडला नाही, उलट संध्याकाळी त्याला चहा पाजायचा. पण मान हलवणाऱ्यावर मात्र तुटून पडायचा. "मानेला आवाज असतो का रे? बाहेर अंधार, समोर शंभर काटे, मी तुझ्या मानेकडे बघू का काट्यांकडे? आणि मागे आपलं बोलणं टिपणाऱ्या रेकॉर्डरला डोळे नाहीत, नुसते कान आहेत. तोंडाने बोल!" मुलं त्याची नक्कल करायची. तो दिसला की विमानातल्या पोरी एकमेकींना म्हणायच्या, मास्तर आले गं, माना ताठ करा.

याच खोट्या कॉकपिटमध्ये एक दिवस त्याचा भाचा येऊन बसला होता. बहिणीचा सोन्या. बहिणीचा नवरा मूल रांगायच्या आतच घर सोडून गेला होता, आणि तेव्हापासून या मुलाला बोट धरायला होता तो मामाच. बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्यांची झाकणं मांडून मामाने त्याला काटे शिकवले होते: हे उंचीचं, हे वेगाचं, साखरेच्या डब्याचं झाकण म्हणजे इंजिन. बहीण ओरडायची, "दादा, इंजिन दे इकडे, मुंग्या लागतील." पुढे मुलगा खरंच शिकला, खरंच कंपनीत आला, आणि पहिल्या दिवशी घंटा वाजल्यावर घाबरून म्हणाला, "मामा, धूर!" सगळे हसले. मास्तरही हसला, पण म्हणाला, "मामाला दाराबाहेर बसवून यायचं. इथं मी कॅप्टन." मुलाने मान हलवली. मास्तरने डोळे वटारले. तेव्हा मुलगा खणखणीत म्हणाला, "मान्य, कॅप्टन." तो आवाज! मास्तरला वाटलं होतं, आपल्या गळ्यातूनच निघाला. घरी जाताना गाडीत तो एकटाच गुणगुणत होता. मूलबाळ नसलेल्या माणसाला देवाने असं आडवाटेने काही दिलं की त्याला ते कुठे ठेवू आणि कुठे नको असं होतं.

आणि मग तो दिवस. दुपार होती, स्वच्छ ऊन, खाली ढगांची सपाट पांढरी गादी. मास्तर डावीकडे, भाचा उजवीकडे. बहिणीनेच आग्रह धरला होता, "त्याला तुझ्याबरोबर घे ना अधूनमधून. तू शेजारी असलास की मी निवांत असते." भाच्याचं कॅप्टन व्हायचं जवळजवळ ठरलं होतं. दोघं कसल्याशा गोष्टीवर हसत होते. कशावर, ते मास्तरला आता आठवत नाही, आणि हे न आठवणं त्याला सारखं टोचतं, कारण हसण्याच्या मधोमध घंटा वाजली होती. लाल दिवा. "मागच्या मालखान्यात धूर," भाचा म्हणाला. सुरेख म्हणाला; आधी नाव, मग हात. मास्तरने विमान धरलं, तसं सांगितलं. भाच्याने बोट ठेवलं, "हेच?" "हेच." आग विझवणारा वायू आत सोडला. दिवा गेला नाही. मालखाना पायांखाली, मागे कुठेतरी. तिथे जाऊन बघता येत नाही, दार उघडता येत नाही, नाक लावता येत नाही. एक दिवा म्हणतो धूर आहे, एवढ्यावर माणसाने ठरवायचं. जवळच्या धावपट्टीकडे वळले, उतरले, थांबले. दिवा तसाच. मागून विमानातल्या मुख्य बाईंचा आवाज, "शेवटच्या रांगेतले दोघंतिघं म्हणतायत, काहीतरी वास येतोय." बाहेर बंबवाले, त्यांचा आवाज कानात, "आम्हाला धूर दिसत नाही, जरा थांबा, बघतो." थांबा. मास्तरच्या मनात ते 'थांबा' एकदा गरगरलं. आग आत असली तर थांबायला वेळ नसतो. आग नसली तर दाराशी फुगणाऱ्या घसरगुंडीवरून म्हातारीकोतारी माणसं उगाच ढकलायची. त्याने भाच्याकडे वळून बघितलं. "सगळ्यांना बाहेर काढायचं. मान्य?"

भाच्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. हो अशी. एकदा, खाली आणि वर. हनुवटी कॉलरला लागली, घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर आला होता तो पडला. मास्तरने ते सगळं बघितलं. आणि, देवा, त्याने ते उत्तर म्हणून धरलं. दुसरं कोणी पोर असतं तर म्हणाला असता, तोंडाने बोल. पण हा सोन्या होता. याची मान त्याला पाळण्यापासून कळत होती. भूक लागली की कशी कलते, खोटं बोलताना कशी ताठ होते, हो असली की कशी सरळ खाली येते. घरातली हो होती ती. त्याने हुकूम दिला. दारं उघडली, घसरगुंड्या फुगल्या, माणसं गेली. एक निवृत्त शिक्षिका खाली आपटल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आणि मालखान्यात धूर नव्हता. फुलांची खोकी होती, ओलसर, घट्ट भरलेली. त्यांच्या ओलाव्याची वाफ झाली आणि धूर ओळखणाऱ्या यंत्राला तो धूर वाटला. दिव्याची काही चूक नाही. त्याला जे दिसलं ते तो बोलला.

रुग्णालयात मास्तर त्या बाईंना भेटायला गेला. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आग असती तर तुम्हाला ओवाळलं असतं आम्ही." तेवढ्यात त्यांच्या सुनेने पडदा ओढला. तिला ते बोलणं आवडलं नव्हतं, आणि मास्तरला तीही बरोबर वाटली.

आज सकाळी चौकशीच्या खोलीत लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे ग्लास उपडे ठेवलेले. भाचा पलीकडच्या टोकाला, नवा शर्ट. रेकॉर्डरचा आवाज लावला. आपलाच आवाज असा पेटीतून ऐकू आला की माणूस परका होतो. "सगळ्यांना बाहेर काढायचं. मान्य?" मग एक रिकामी जागा. त्या जागेत पंख्याची घरघर, कुणाचा तरी श्वास, दूर कुठे बंबाचा भोंगा. आणि मग लगेच त्याचाच आवाज, हुकूम देणारा. टेबलामागच्या मधल्या माणसाने ते पुन्हा लावलं. पुन्हा ती जागा. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मास्तर त्या जागेत कान घालून बसला, जणू अजून नीट ऐकलं तर हनुवटी कॉलरला घासल्याचा आवाज येईल. "तुम्ही विचारलंत," मधला माणूस म्हणाला, "पण उत्तराची वाट बघितली नाहीत." "त्याने मान हलवली होती," मास्तर म्हणाला. म्हणताना त्याची कानशिलं तापली, कारण त्या तिघांतला एक त्याचाच जुना विद्यार्थी होता, आणि त्याने मान खाली घातली. मधल्या माणसाने भाच्याला विचारलं, "तुम्ही मान हलवली होतीत का?" मास्तर भाच्याकडे बघत नव्हता. बघायची गरज वाटली नव्हती. उद्या सूर्य उगवेल का हे बघायला कोणी रात्रभर खिडकीत बसतं का? आणि मग ते ऐकू आलं. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं, अगदी शिकवलं होतं तसं. "नाही. बंबवाले थांबा म्हणत होते, माझंही तेच मत होतं. मी बोलणार होतो, पण कॅप्टन थांबले नाहीत."

कॅप्टन. मामाला दाराबाहेर बसवून आला होता तो.

गाडी तळघरातून वर रस्त्यावर आली. ऊन डोळ्यांवर आलं. शाळा सुटली होती, आईबाप फाटकाशी उभे. मास्तर बहिणीकडे निघाला होता, आणि आपण तिकडेच का निघालो आहोत हे त्याला ठाऊकही होतं आणि नव्हतंही. तिला सांगायचं होतं. तक्रार नव्हे, नुसतं सांगायचं. दुखलं की पहिलं तिच्याकडे जायचं ही लहानपणापासूनची सवय. खरं म्हणजे तिला दुखलं की ती याच्याकडे यायची, पण इतक्या वर्षांत ते कुठेतरी एकच झालं होतं. एकदा शेजारच्यांच्या खिडकीची काच फुटली होती. तिनेच फोडली होती, चेंडूने नव्हे, रागाने भिरकावलेल्या चपलेने. वडील दारात उभे राहून विचारत होते, कोणी केलं? ती भिंतीला चिकटून उभी, डोळे एवढे मोठे, आणि ते डोळे याच्याकडे. याने मान हलवली. मी. मार खाल्ला. नंतर ती त्याच्या अंथरुणाशी येऊन काही न बोलता बसली होती, त्याच्या पायाचा अंगठा धरून. त्या अंगठ्याची ऊब त्याला आज ब्रेकवर पाय ठेवताना जाणवली. नवरा सोडून गेला तेव्हाही ती काही बोलली नव्हती. पोराला काखेत घेऊन दारात उभी राहिली, याने मान हलवली आणि तिची पिशवी आत घेतली. एवढ्या मोठ्या गोष्टी त्या दोघांत कधी तोंडाने बोलल्याच गेल्या नव्हत्या. त्याला तो आपल्या घराचा मोठेपणा वाटायचा. बाहेर जगाला शब्द लागतात, आपल्याला लागत नाहीत.

बहिणीने दार उघडलं ते बेल वाजवायच्या आधीच. "गाडीचा आवाज ओळखला," ती म्हणाली. "हात धू. भात तयार आहे." आत न्हाणीघरात नळ चालू होता. दारापाशी भाच्याचे बूट होते. म्हणजे तो आधी पोचला होता.

"सोन्या आलाय?"

"आंघोळ करतोय."

"या वेळी?"

"घाम आला म्हणाला." तिने ताट वाढलं. पाणी ठेवलं. मीठ विसरली, परत गेली, आणलं. समोर बसली, मग उठली, मग पुन्हा बसली. मास्तर तिच्याकडे बघत होता. ही विचारत का नाही? सकाळी चौकशी होती हे हिला ठाऊक आहे. काल रात्री हिनेच फोन करून म्हटलं होतं, शांत राहा.

"तू विचारलं नाहीस, काय झालं ते."

"जेव आधी."

"तुला माहीत आहे."

तिने पदराने टेबलावरचा एक डाग पुसला. डाग नव्हताच तिथे. "दादा, तू रागावू नकोस. तो तयार नव्हता. रडला रात्री, एवढा घोडा झालाय तरी रडला. म्हणाला, आई, मी मान हलवली होती. मीच म्हटलं त्याला."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, नाही म्हण." ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "तुझी किती वर्षं राहिली आता उडायची? त्याचं सगळं पुढे आहे. दोघंही बुडण्यापेक्षा... आणि तुझं नाव मोठं आहे, तू निभावून नेशील. तू नेहमीच नेतोस. मी त्याला म्हटलं, मामा समजून घेईल. मामाला काही सांगावं लागत नाही."

आत नळ तसाच चालू. एवढं पाणी कोणाला लागतं? मास्तरच्या हातात घास होता. तो त्याने ताटात परत ठेवला, नीट, भाताच्या ढिगाला लावून. भाच्याने केलं तो घाव होता. घाव दिसतो, त्यावर हात ठेवता येतो. हे तसं नव्हतं. हे जमीन सरकल्यासारखं होतं. काल रात्री फोनवर 'शांत राहा' म्हणाली तेव्हा हिचं ठरलेलं होतं. सकाळी तो शर्ट हिनेच इस्त्री केला असणार. त्या टेबलाशी मी त्याच्याकडे न बघता बसलो होतो तेव्हा ही इथे तांदूळ धूत असेल, माझ्यासाठी. माझ्यासाठीच धूत होती, हे तर सगळ्यात वाईट. प्रेम कुठे संपलं नव्हतं. प्रेमानेच केलं होतं तिने हे, मोजूनमापून, कोण जास्त सहन करील ते बघून.

"सोन्या!" त्याने हाक मारली. आतला नळ थोडा मोठा झाला.

"नको बोलावूस त्याला. दादा, उद्या तुला शेवटचं बोलायचंय ना त्यांच्यापुढे? तू फक्त काही बोलू नकोस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. गप्प राहा, एवढंच. राहशील ना?" आणि ती थांबली. डोळे तेवढेच मोठे, याच्याकडे लागलेले. तिने हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला.

मास्तरला स्वतःची मान जाणवली. मानेमागचा तो स्नायू, जुना, सवयीचा, आपोआप खाली यायला निघालेला. किती सोपं होतं. एकदा खाली आणि वर. मग ही पाणी पुढे करील, नळ बंद होईल, ओल्या केसांचा पोरगा येऊन पायाशी बसेल, आणि या घरात पुन्हा कधी कोणी याबद्दल बोलणार नाही. त्याला कॅप्टनची डावी सीट दिसली, तिच्यात बसलेला सोन्या दिसला, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी नवं पोर, घंटा वाजतेय, आणि सोन्या विचारतोय, मान्य? आणि उत्तराला थांबत नाहीये, कारण त्याला आयुष्यात एवढं पक्कं कळलंय की उत्तराच्या त्या रिकाम्या जागेत नंतर काहीही भरता येतं. मागे माणसांनी भरलेल्या रांगा.

"नाही," मास्तर म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. न्हाणीघरापर्यंत जाईल असं. "उद्या मी सांगणार, त्याने मान हलवली होती. आणि ती धरली ही माझी चूक, हेही सांगणार. विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांनी बघावं."

"तुझ्या बोलण्याला पुरावा कुठे आहे, दादा?"

"नाही."

"मग कशाला? तुझं जायचं ते जाणारच, वर त्याच्यावर संशय. कोणाचं भलं होणार?" तिचा हात अजून मनगटावर होता. "तू माझ्याशी असा कधी बोलला नव्हतास."

"नव्हतो," तो म्हणाला. "तेच चुकलं." त्याने मनगट सोडवून घेतलं. जोर लावावा लागला नाही. तिनेच बोटं सैल केली. आतला नळ बंद झाला. आता तिघंही एकमेकांचा श्वास ऐकू शकत होते, पण दार उघडलं नाही. मास्तर बूट घालून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी तो बोलला. टेबलामागच्या माणसांनी ऐकून घेतलं. कोणी काही विचारलं नाही. डावी सीट गेली ती गेलीच. भाच्याची बढती लांबली, मग झाली. हल्ली मास्तर घरी असतो. वर विमान गेलं तर मान वर करत नाही. बहिणीचा फोन येतो, तो वाजून वाजून थांबतो. हे असं आहे. याचा शेवट मला गोड करता येत नाही, आणि केला तर तो तुम्हालाही पटायचा नाही.

आता उठताना एक मागणं. या हकिकतीतल्या मास्तरची काळजी तुम्ही करू नका. खरं बोललेल्या माणसाला देव कुठेतरी टेकायला जागा देतो. पण रात्री दिवा मालवून हात जोडाल तेव्हा त्या बहिणीची आठवण ठेवा. एका हाताला भाऊ, एका हाताला मुलगा, आणि दोन्ही हात तिचेच. तिने एक हात सोडला. ती अजून दोघांसाठी भात लावते आणि एकच ताट वाढते. तिची आठवण भावाने ठेवायची, पण त्याच्याकडून ते अजून होत नाही. म्हणून तुमच्याकडे सोपवतो. ठेवाल ना? नुसती मान हलवू नका. तोंडाने म्हणा, मला ऐकू येऊ द्या.